लॅपटॉप चार्जरची पिन : छोटे काम, मोठी अमानत

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर बसणाऱ्या आपल्या तरुणांकडे हल्ली एक वेगळे गिऱ्हाईक वरचेवर येऊ लागले आहे. हातात लॅपटॉपची बॅग असते आणि तक्रार ठरलेली असते, "भाई, वायर वाकडी धरली की चार्जिंग लागते, सोडली की बंद." कॉलेजचा विद्यार्थी असतो, मदरशाचा हिशेब लिहिणारे मुन्शीजी असतात, जीएसटीचे कागद भरणारा व्यापारी असतो. नवा चार्जर घ्यायचा तर खिशाला झळ बसते, आणि बिघाड बहुधा चार्जरच्या टोकाच्या पिनेत किंवा पिनेलगतच्या दोन बोटे वायरीत असतो. हे काम शिकलेल्या माणसाला पाऊण तास पुरतो. सामान थोडे लागते, जागा टेबलाएवढी लागते. म्हणून आपल्या तरुणांनी हे काम अवश्य शिकावे. परंतु यात एक धोका असा आहे की तो शिकविणारेही नीट सांगत नाहीत, आणि त्यासाठीच हा लेख लिहिण्याचे ठरविले.

धोका असा. पिन बदलताना दोन तारा जोडायच्या असतात, एक धन आणि एक ऋण. त्यांची अदलाबदल झाली तर चार्जरला काही होत नाही, गिऱ्हाइकाचा लॅपटॉप मात्र जळतो. काम थोड्या रुपयांचे, आणि हातात असलेली वस्तू हजारो रुपयांची. असे प्रमाण दुसऱ्या फारच थोड्या धंद्यांत असेल.

एका दुपारची गोष्ट

मी स्वतः हे काम शिकत असताना यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मुलीचा लॅपटॉप व चार्जर घेऊन आले. लॅपटॉप जुनाच विकत घेतलेला होता. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि परीक्षा जवळ आली होती. उस्ताद जोहरच्या नमाजासाठी मशिदीत गेले होते. काम सोपे वाटले म्हणून मी हाती घेतले. चार्जरकडून येणाऱ्या वायरीत एक पांढरी व एक काळी तार निघाली. बाजारातून आणलेल्या नव्या कॉर्डमध्ये एक लाल व एक पांढरी होती. मी पांढऱ्याला पांढरी जोडली, उरलेल्या दोन एकमेकींना जोडल्या, टेप गुंडाळली आणि पिन लॅपटॉपला लावली. टक् असा बारीक आवाज झाला. त्यानंतर लॅपटॉप चालू झाला नाही.

उस्ताद परतले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मीटर लावला होतास?" मी मान खाली घातली. मग मी हळूच म्हणालो, "उस्ताद, लॅपटॉप जुनाच होता. आधीच खराब होता असे सांगू या, त्यांना काय कळणार?" उस्तादांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बाहेर बाकावर बसलेल्या त्या गृहस्थांना आत बोलावले आणि सांगितले, "चाचा, लॅपटॉप आमच्या हातून बिघडला आहे. आठ दिवस द्या, आमच्या खर्चाने करून देतो. तोवर मुलीच्या अभ्यासाला दुकानातला हा दुसरा घेऊन जा." बोर्ड मोठ्या शहरात पाठवावा लागला. त्या महिन्यात दुकानाला काय सुटले असेल ते उस्तादच जाणोत, माझ्या पगारातून त्यांनी पैसा कापला नाही. ते चाचा पुढे त्यांच्या कारखान्यातील माणसे आमच्याकडे पाठवीत राहिले, पण उस्तादांनी खरे सांगितले तेव्हा त्यांना याची काही कल्पना नव्हती.

शरीअत काय म्हणते

ही केवळ भलमनसाई होती असे कोणी समजू नये. जो कारागीर एका मालकाचा नोकर नसून येईल त्याचे काम घेतो, धोबी, शिंपी, रंगारी, त्याला फिकहमध्ये अजीर मुश्तरक म्हणतात. आजचा दुरुस्तीवाला याच वर्गात मोडतो. हनफी मसलकाच्या 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात याविषयी स्वतंत्र चर्चा आहे. कारागिराकडे ठेवलेली वस्तू आपोआप नष्ट झाली तर काय, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन शागीर्द इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांच्यात मतभेद आहे. पण कारागिराच्या स्वतःच्या कामामुळे वस्तू बिघडली, उदाहरणार्थ धोब्याने आपटताना कपडा फाडला, तर भरपाई त्याच्यावर आहे. मुद्दाम केले नव्हते, एवढे म्हणून तो सुटत नाही. उलट्या तारा जोडून जळालेला बोर्ड आणि धोब्याच्या दगडावर फाटलेला कपडा यांत मला तरी फरक दिसत नाही. कोकणातील बहुसंख्य बांधव शाफई आहेत, त्यांनी आपल्या आलिमांकडून या मसल्याचा तपशील विचारून घ्यावा.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. दुरुस्तीच्या धंद्यात ओले धान्य कोठे असते? काळ्या टेपच्या आत असते. जोड कसा आहे हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

आधी दोष शोधावा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चार्जर घरातील २३० व्होल्टच्या एसी विजेचे रूपांतर साधारण १९ ते २० व्होल्टच्या डीसी विजेत करतो. डब्यावरील लेबलावर आउटपुटसमोर हे छापलेले असते, जसे १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट निघतात, या ठिकाणी ६५. शेजारी एक छोटी आकृती असते. मधोमध ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हींपासून निघालेल्या रेषांच्या टोकाला अधिक व उणे चिन्ह. ठिपक्याकडे अधिक असेल तर पिनेच्या आतला भाग धन व बाहेरचे नळकांडे ऋण. लॅपटॉपच्या गोल पिना बहुतेक अशाच असतात, पण 'बहुतेक' या शब्दावर धंदा करू नये.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. येथे नवशिक्याची एक गंमत होते. तो २० व्होल्टची रेंज निवडतो, साध्या मीटरमध्ये ती १९.९९ ला संपते, आणि २० व्होल्टचा चार्जर लावला की मीटर नुसता १ दाखवितो. मग चांगला चार्जर खराब ठरतो. २०० ची रेंज घ्यावी. लाल काडी पिनेच्या छिद्रात, काळी बाहेरच्या धातूवर. काडीने दोन्ही धातू एकत्र चिकटले तर चार्जर स्वतःला बंद करून घेतो. तसे झाल्यास प्लग काढून एक-दोन मिनिटे थांबावे.

आकडा पाहत वायर पिनेजवळ हलवावी, मग डब्याजवळ हलवावी. ज्या जागी आकडा नाचतो तेथे तार तुटलेली आहे. आकडा कोठेच हलला नाही तर दोष लॅपटॉपमधील जॅकचा असू शकतो, आणि तेव्हा पिन बदलून पैसे घेणे म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी घेणे होय. ओळखीच्या दुसऱ्या चांगल्या चार्जरने लॅपटॉप लावून पाहिला की हा प्रश्न मिटतो.

मीटरही कधी फसवितो. वायरीतील वीस-पंचवीस तंतूंपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर पूर्ण १९.५ दाखवितो, कारण मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. भार पडला की खरे कळते. यासाठी मी १० ओहमचा ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा रेझिस्टर एका लोखंडी पट्टीवर बसवून ठेवला आहे. १९.५ व्होल्टवर तो सुमारे दोन अँपिअर घेतो. काही सेकंद लावून आकडा पाहावा. एखाद्या दशांशाने घसरला तर ठीक, दोन-तीन व्होल्टने कोसळला तर वायर किंवा चार्जर गेला. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नये.

दोष खुद्द डब्यात असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, तो डबा उघडू नये. २३० व्होल्ट एसी सरळ केल्यावर आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. ज्याने पॉवर सप्लायचे काम रीतसर शिकले आहे त्याचे ते काम आहे. डबा चिरलेला असेल, जळका वास येत असेल किंवा आत पाणी गेले असेल, तर नवा घ्यायला सांगावे आणि नव्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते गिऱ्हाइकाला दाखवावे.

पिन निवडताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात पिनेसह तयार कॉर्ड मिळते. सुटी पिन घेऊन तिच्यावर तारा सोल्डर करण्यापेक्षा ही साच्यातील कॉर्ड चांगली, कारण तिच्या मानेला रबराचा आधार असतो आणि वायर तेथेच तर तुटते. जुनी पिन सोबत नेऊनच कॉर्ड आणावी. ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिना दुरून सारख्या दिसतात, पण आतील छिद्र कोणाचे २.१ असते, कोणाचे २.५, तर कोणाचे १.७. राउटरच्या चार्जरची पिन २.१ ची असते. छिद्र मोठे असेल तर पिन सैल बसते, ठिणगी उडते, आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक परत येते.

यापुढची गोष्ट मात्र फार जणांना ठाऊक नसते. डेल आणि एचपी यांच्या ७.४ मिलिमीटरच्या जाड पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. बाहेरचे नळकांडे ऋण, नळकांड्याची आतली बाजू धन, आणि ती सुई वीज देण्यासाठी नसून ओळख सांगण्यासाठी असते. डेलच्या डब्यात एक छोटी चिप असते व ती या तिसऱ्या तारेवरून लॅपटॉपला आपण किती वॅटचे आहोत ते सांगते. पिन बदलताना ही तार जोडायची राहिली, तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि यंत्र मंद चालते. गिऱ्हाईक बॅटरी बदलायला निघते. दोष केसासारख्या एका तारेचा असतो. डेल व एचपीच्या पिना एकमेकींत बसतात, परंतु त्यांची ओळख सांगण्याची रीत वेगळी आहे. बसते म्हणून चालते असे नाही.

लेनोव्होच्या चपट्या आयताकृती पिनेत तर याहून नाजूक गोष्ट आहे. तेथे पिनेच्या आतच एक छोटा रेझिस्टर बसविलेला असतो आणि त्याच्या मूल्यावरून लॅपटॉप वॅट ओळखतो. आता समजा, दुकानदाराने ९० वॅटची कॉर्ड ६५ वॅटच्या डब्याला जोडून दिली. लॅपटॉप त्या कॉर्डवर विश्वास ठेवून ९० वॅट मागेल आणि डबा तापत राहील. थोडक्यात, आपण त्या पिनेकडून खोटी साक्ष देवविली. त्यामुळे अशा पिनेची कॉर्ड मागताना डब्यावरचे वॅट सांगूनच मागावी.

जोडकाम

कापण्यापूर्वी पिनेवर मोजून कोणते टोक धन ते कागदावर लिहावे. हे पहिले मोजमाप. मग प्लग काढून दोष असलेल्या जागेच्या अलीकडे, चांगल्या वायरीत काप घ्यावा. बाहेरचे आवरण सुमारे तीन सेंटिमीटर सोलावे. बहुतेक वायरींत मध्ये एक आवरण असलेली तार व तिच्याभोवती उघड्या तंतूंची जाळी निघते. जाळी हळूच उसकटून एका बाजूला घ्यावी व पीळ द्यावा. आता तारा एकमेकींपासून दूर धरून प्लग क्षणभर लावावा आणि कोणती तार धन ते मीटरवर पाहून खूण करावी. हे दुसरे. प्लग काढावा. मग नव्या कॉर्डच्या पिनेच्या आतल्या भागाला एक काडी व उघड्या टोकांना दुसरी काडी लावून बझरने आतली तार कोणती, बाहेरची कोणती ते शोधावे. हे तिसरे. तारांचा रंग पाहूच नये. रंग कोणत्या कारखान्याने काय ठरविला असेल सांगता येत नाही. मला तो पांढरा रंग अजून आठवतो.

सोल्डर करण्याआधी उष्णतेने आकसणारी स्लीव्ह वायरीत ओवून घ्यावी, दोन बारीक आणि एक जाड. प्रत्येक कारागीर आयुष्यात निदान दहा वेळा ती ओवायला विसरतो व केलेला जोड पुन्हा उकलतो. दोन जोड शेजारीशेजारी येऊ देऊ नयेत. एक तार आखूड व दुसरी लांब कापावी, म्हणजे स्लीव्ह कधी फाटली तरी धन व ऋण एकमेकांना भेटणार नाहीत.

आपल्या समाजातील कल्हईवाले जाणतात की मळक्या तांब्यावर कथील चढत नाही, म्हणून ते नवसागर वापरतात. येथेही तोच नियम आहे, तांबे स्वच्छ हवे. पण नवसागर किंवा आम्लाची पेस्ट येथे अजिबात वापरू नये, ती वर्षभरात तार खाऊन टाकते. राळेचा गाभा असलेली सोल्डरची तार पुरते. दोन्ही टोकांना आधी वेगवेगळे कथील चढवावे, मग एकमेकांवर ठेवून आयर्न तारेला लावावे व सोल्डर तारेवर वितळू द्यावे. सोल्डर नुसते आयर्नवर वितळवून थेंब टाकला तर जोड वरून चकचकीत व आतून पोकळ होतो.

पोकळ जोडाने काय होते त्याचा हिशेब करून पाहा. जोडात ०.३ ओहम एवढाच अडथळा राहिला आणि ३.३४ अँपिअर वाहू लागले, तर त्या वाटाण्याएवढ्या जागेत सव्वातीन वॅटहून अधिक उष्णता तयार होते. टेपच्या आत ती साठते. प्लास्टिक मऊ होते, तारा सरकतात. गादीवर लॅपटॉप ठेवून मूल झोपी गेले असेल, तर पुढे काय होऊ शकते हे सांगायला नको. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

जोड थंड झाल्यावर ओढून पाहावा, स्लीव्ह सरकवून गरम करावी. मग लॅपटॉपला न लावता पिनेवर चौथे मोजमाप घ्यावे आणि पहिल्या कागदाशी ताडून पाहावे. आकड्यामागे उणे चिन्ह दिसले तर तारा उलट्या आहेत. त्यानंतर रेझिस्टरचा भार लावावा, जोड बोटाने चाचपावा. गरम लागला तर पुन्हा करावा. हे सारे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला पिन लावू नये, गिऱ्हाईक घाई करीत असले तरी. अजान झाली असेल तर काम तसेच ठेवून जावे आणि परत येऊन पहिल्या मोजमापापासून सुरू करावे.

नवी पिन, नवा नियम

यूएसबी-सी पिनेच्या चार्जरला हे काहीही लागू नाही. तो सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो, लॅपटॉपशी बारीक तारांवरून बोलणी करतो आणि मान्य झाले तरच २० व्होल्टपर्यंत चढतो. ३ अँपिअरहून अधिक वीज नेणाऱ्या केबलच्या टोकात तर स्वतःची ओळखचिप असते. दोन तारा जोडून ही पिन बसत नाही. केबल सुटी असेल तर योग्य वॅटची नवी केबल द्यावी, डब्यालाच जोडलेली असेल तर चार्जर बदलावा. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने लॅपटॉपना ही पिन सक्तीची करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यामुळे गोल पिनेचे दिवस मोजकेच आहेत असे काही जण म्हणतात. पण आपल्या मालेगाव-भिवंडीत, मिरज-सोलापुरात शहरातून उतरलेले जुने लॅपटॉपच अधिक चालतात आणि ते आणखी कित्येक वर्षे चालतील. पाच-सात वर्षांचे काम यात सहज आहे.

मजुरी आधी सांगावी. जोड दिलेला चार्जर हा जोड दिलेलाच असतो, नव्यासारखा म्हणून तो देऊ नये. वायर डब्याभोवती आवळून गुंडाळल्याने तुटते, म्हणून सैल वेटोळे करून ठेवायला सांगावे. आमच्या दुकानात डब्यावर एक छोटी चिठ्ठी चिकटवितात. तिच्यावर तारीख, मोजलेले व्होल्ट, जोड कोठे दिला आहे ती जागा आणि काम करणाऱ्याचे नाव असते. ही पद्धत उस्तादांनी त्या दुपारनंतर सुरू केली, आणि पहिली चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली.